बागेतल्या झाडांवरची रोषणाई आणि स्थलांतर करणारी फुलपाखरं

झुडूपवासी
ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे थवे दक्षिणेतल्या पूर्वेकडच्या मैदानांतून पश्चिम घाटाकडे परततात. बंगळूर, कोइमतूर या वाटेवरच आहेत. बागेत खुळखुळ्याचं झुडूप (क्रोटालारिया) दिसलं की थांबतात, रात्री झाडांना लटकून मुक्काम करतात. नेमक्या दिवाळीच्या दिवसांत त्याच झाडांना माळा गुंडाळतात, बुंध्याशी वर तोंड केलेले फोकस लावतात. ही रोषणाई बागांमधून कायमची काढावी.

सर्किट
रात्री उडणारे पतंग दिव्यांकडे ओढले जातात, हे मान्य. पण फुलपाखरं दिनचर, गारवा आला की हलतही नाहीत. शिवाय कीटकांना ओढणारे अतिनील किरण एलईडीत जवळजवळ नसतातच. ही भीती जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांच्या काळातली.

झुडूपवासी
प्रश्न त्यांच्या घड्याळाचा आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे सूर्यावरून दिशा धरायची तर किती वाजले हे कळायला हवं. मोनार्क या अमेरिकेतल्या स्थलांतरी फुलपाखरात हे घड्याळ शृंगिकांत (डोक्यावरच्या मिशांत) असतं. २००९ च्या प्रयोगात शृंगिकांना काळा रंग लावला तेव्हा दिशा चुकली, पारदर्शक रंग लावला तेव्हा नाही. घड्याळ सहा तास सरकलं की दिशा सुमारे ९० अंश फिरते. २०२२ मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी दाखवलं की रात्री प्रखर दिवा असला की स्थलांतरी मोनार्क उडायलाच लागतात. प्रवासासाठी साठवलेली चरबी अशीच जळते. आणि घड्याळ जुळवणारं क्रिप्टोक्रोम हे प्रथिन निळा प्रकाशही टिपतं. पांढऱ्या एलईडीचा जोर ४५० नॅनोमीटरच्या आसपासच असतो.

पहाटफेरी
मोनार्क हजारो किलोमीटर जातो, ब्लू टायगर काहीशे. एकाचं माप दुसऱ्याला कसं लावता? संध्याकाळी बागेत बायका, म्हातारी माणसं चालतात. कोपरे अंधारे केले तर बाग टवाळांची होईल. माणसांचा जीव आधी.

झुडूपवासी
दोन्ही एकाच उपकुळातली, डॅनाइनी. आणि पायवाट अंधारी करा असं म्हटलेलंच नाही. तीन मीटरचा खांब, वरून पूर्ण झाकलेला दिवा, २२०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा), वाटेवर ५ ते १० लक्स इतकाच उजेड. माळांना मात्र काहीच काम नाही. मुंबईत २०२४ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका आल्यावर पालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले, त्याने वाटा अंधारल्या नाहीत.

सर्किट
कागदावर ठीक. प्रत्यक्षात ठेकेदार ३००० केल्विनचा ‘वॉर्म’ दिवा बसवतो. तो पिवळसर दिसतो, पण निळा भाग उरतोच. झाकणाचा दिवा २० अंश तिरका बसवला की प्रकाश थेट फांद्यांत. पिवळा जिलेटिन पेपर चिकटवला तर उन्हात विटतो. सेन्सर लावला तर वाऱ्याने फांदी हलली तरी पेटतो. म्हणून निविदेतच केल्विन, शून्य अंश कल आणि टायमर लिहून घ्या: बाग बंद झाल्यावर अर्ध्या तासाने दिवे बंद. फाटकावरचा पांढरा दिवा मात्र मी काढू देणार नाही. २२०० केल्विनच्या उजेडात कॅमेऱ्यात कपड्यांचे रंग धड ओळखू येत नाहीत.

पहाटफेरी
फाटकाबाबत सहमत. पण टायमर साडेदहाच्या आत नको, उन्हाळ्यात लोक तेव्हाच बाहेर पडतात.

झुडूपवासी
उन्हाळ्यात हवं तर ठेवा. एप्रिल-जूनमध्ये थवे घाटाकडून पूर्वेला जातात, म्हणून दिव्यांना मुक्कामाच्या झाडांकडच्या बाजूला आडोसा लावा. फाटकावर पांढरा दिवा चालेल, त्याच्या उजेडात ती झाडं येत नसतील तरच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र नऊच.