मदत हवी आहे: कोळपणी यंत्राला पेट्रोल इंजिन बसवू की डिझेल?

नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यात, रान काळं भारी, चार एकर सोयाबीन. मागच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कोळपणी यंत्राचा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या यंत्राचा, सांगाडा करून घेतला आणि त्यावर जुनं इंजिन चढवलं. श्रावणात ते जाम झालं. चूक आमचीच. उंचीचा अंदाज चुकल्यानं इंजिन पुढं कललेलं बसलं होतं, ऑइल एका अंगाला साचायचं, आणि रोज पातळी बघायची सवयही नव्हती. या इंजिनांत आतला चमचा ऑइल उडवून सगळीकडं पोचवतो. चमचाच ऑइलात बुडला नाही तर पिस्टन कोरडा पडतो. आता बैठक लेव्हल लावून नवी केली आहे.

यंत्र वडील चालवतात, वय ६४. माझी नोकरी लातूरला, म्हणून नेमक्या वाफशाच्या (रानात काम करण्याजोगी ओल असते त्या) दिवशी मी रानात असेनच असं नाही.

हिशोब सांगतो, चुकला असेल तर दुरुस्त करा. चाक १६ इंची, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १.२८ मीटर. वडिलांची चाल ताशी अडीच किलोमीटर धरली तर चाकाला मिनिटाला ३२-३३ फेरे पुरतात. इंजिन ३००० आरपीएमवर धरलं की ९० पट वेग उतरवावा लागतो. गिअरबॉक्स ३०ला १ आहे, उरलेले तीन पट ३ इंची आणि ९ इंची पुलीनं.

पेट्रोलमध्ये होंडा जीएक्स-२०० बघितलं: १९६ सीसी, वजन १६ किलो, २५०० आरपीएमवर १२.४ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). डिझेलमध्ये १७८एफ: २९६ सीसी, वजन ३३ किलोच्या आसपास. दुकानदार म्हणतो, काळ्या रानात डिझेलच ओढेल, आणि इंधनही कमी पितं. ते पटतं. पण सोयाबीनच्या दोन ओळींत १८ इंच अंतर. दर ओळीच्या शेवटी धुऱ्यावर (रानाच्या कडेला) यंत्र उचलून वळवायचं, त्यात १७ किलो जास्त. शिवाय दोरी ओढून डिझेल चालू करायला जोर लागतो आणि हातांना हादरेही जास्त बसतात. वडिलांच्या खांद्याचं दुखणं जुनं आहे, म्हणून माझं मन पेट्रोलकडं झुकतंय.

विचारायचं एवढंच: वाफसा जरा ओलसर असताना १२ इंची पास (तण कापणारं पातं) दोन इंच खोल चालवली, तर हे पेट्रोल इंजिन दबतं का? लव्हाळा भरपूर आहे, मुळं पाशीत अडकतात. दबत असेल तर पुली ९ऐवजी १० इंची करून भागेल, की पासच ९ इंचाची करावी? चाल थोडी मंदावली तरी चालेल.

धुळीचंही सांगा. ऑइल बाथ (धूळ तेलात अडकवणारा) एअर फिल्टर वेगळा बसवून घेणं फायद्याचं आहे का, की साधा फोम रोज धुतला तरी पुरतो? ज्यांनी काळ्या रानात दोन हंगाम तरी यंत्र चालवलंय, त्यांनी जरूर लिहा. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी येते, त्याआधी इंजिन आणायचं आहे.