मदत हवी आहे: ९५ टक्के म्हणजे नेमके कशाचे?

लशींच्या चाचण्या कुठवर आल्यात ते मी वहीत टिपून ठेवतेय. फायझर-बायोएनटेकच्या कोविड लशीच्या नोव्हेंबर २०२० च्या आकड्यांपाशी मात्र गाडी अडलीय. सुमारे ४३ हजार स्वयंसेवक, त्यांपैकी कोविड झालेले मोजले फक्त १७०. त्यातले १६२ जण नुसतं मिठाचं पाणी टोचलेले, ८ जण खरी लस घेतलेले. दोन्ही गट साधारण सारखेच, म्हणजे १६२ च्या जागी ८, म्हणून लस ९५ टक्के परिणामकारक. इथपर्यंत जमलं. पण घरचे म्हणतात, "म्हणजे लस घेऊनही शंभरातल्या पाचांना होणारच!" मला हे पटत नाही, पण खोडताही येत नाही. (वाद दोन दिवस चाललाय.) शिवाय निकालासाठी तारीख न धरता ठरावीक रुग्णसंख्येची वाट का बघतात? कुणी सोपं करून सांगेल का?