स्वच्छ ऊर्जेच्या धोरणात नेमकं विचारायचं कोणाला?

रानवारा
अशा धोरणाचा कुठलाही मसुदा उघडा, बाधितांची यादी ठरलेली: सरकार, वीज कंपन्या, गुंतवणूकदार, उद्योग, ग्राहक, पर्यावरण संघटना. ही सगळी आवाज असलेली मंडळी. फटका बसतो यादीबाहेरच्यांना. दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी हे कोळशावरचं औष्णिक वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. कायम कामगारांना कंपनीने इतरत्र सामावून घेतलं, कंत्राटी मजुरांचं काम मात्र केंद्राबरोबरच संपलं. राख उपसणं, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेला कोळसा भरणं ही कामं बहुधा हीच माणसं करतात. आधी त्यांना विचारा, मग केंद्र बंद करायची तारीख ठरवा.

सरळरेघ
साफ असहमत. कोळशावरची वीज कधी बंद करायची हे ठरवायला जर्मनीने २०१८ मध्ये आयोग नेमला, कामगार संघटनांपासून पर्यावरणवाद्यांपर्यंत सगळ्यांना घेतलं. निघालं काय? कोळसा बंद करायला उशिरात उशिरा २०३८ ची मुदत, आणि कोळशावर जगणाऱ्या भागांना ४० अब्ज युरोपर्यंत मदत. तोवर चिमणीच्या आसपास राहणारी मुलं तो धूर खाणार. तीही बाधितच ना? त्यांच्या वतीने घाई कोणी करायची?

निशिगंध
घाईचं फळ फ्रान्सने पाहिलंय. इंधनावरचा कर वाढत होता आणि गावाबाहेर राहणाऱ्या, बसची सोय नसलेल्या, डिझेल गाडीवर पोट असलेल्या माणसाचा विचार कोणी केला नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत उतरले. डिसेंबरात सरकारने पुढची करवाढ रद्द केली. वाचवलेला वेळ गेला कुठे?

सरळरेघ
तिथे विचारलं असतं तरी लोक चिडलेच असते, कारण कराचा पैसा त्यांच्या हातात परत येत नव्हता. बैठका कमी करा, बिल कोण भरतंय ते बघा. जर्मनीत अक्षय ऊर्जेसाठी वीजबिलात लावलेला अधिभार २०१७ मध्ये युनिटमागे ६.८८ सेंट होता. जास्त वीज खाणाऱ्या बड्या उद्योगांना मोठी सूट आणि घरगुती ग्राहकाला पूर्ण आकार! जुलै २०२२ पासून तो बिलातून काढून सरकारी तिजोरीवर घेतला, तेव्हा कुठे हा अन्याय थांबला. छतावरच्या सोलरचंही तेच. छत ज्याचं, त्याचं बिल उतरतं. वाहिन्या आणि रोहित्रांचा खर्च तेवढाच राहतो, तो भाडेकरूच्या युनिटवर चढतो. भाडेकरू कुठल्या यादीत असतो?

रानवारा
भाडेकरूचा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्या यादीत तो हवाच होता. पण विचारलं की उशीर होतो हे पटत नाही. स्पेनमध्ये जून २०१८ मध्ये नवं सरकार आलं आणि ऑक्टोबरात कोळसा खाणकामगारांच्या संघटनांशी करार झाला: २५ कोटी युरो, लवकर निवृत्ती, नव्या कामाचं प्रशिक्षण. बहुतेक खाणी त्याच वर्षअखेर बंद.

सरळरेघ
तिथे खाणकामगार हजार-दोन हजारच उरले होते आणि त्यांच्या संघटना होत्या, म्हणून जमलं. तुमच्या कंत्राटी मजुराच्या वतीने सही कोण करणार?

रानवारा
सही नंतर. त्याचं नाव गेटपासच्या नोंदवहीत रोज लिहिलं जातं. बंदची तारीख जाहीर करण्याआधी ती नोंदवही धोरणाला जोडा आणि भरपाई ठेकेदाराला न देता थेट त्या नावांच्या खात्यात टाका. याला फार तर महिना लागेल.