बर्फात रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार: न्यायची की नागपुरातच ठेवायची?

धंतोली_गिअर

थंडी पडली की हा प्रश्न निघतोच. जानेवारीत मनाली नाहीतर गुलमर्ग गाठायचंय आणि दारात मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार उभी आहे. आपल्या नागपुरातून जाणारा एनएच ४४ थेट श्रीनगरला पोचतो, म्हणून मोहही होतो. उत्तर मात्र ठरलेलं: "नको रे बाप्पा, फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी गाडी) घेऊन जा." मला हे उत्तर पटत नाही. ताकद कोणत्या चाकाला जाते एवढंच त्यात पाहिलं जातं, चाकावर रबर कोणतं आहे ते कोणी विचारत नाही.

जरा हिशेब करून पाहा. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर उन्हाळी, म्हणजे आपल्या नेहमीच्या टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ढोबळमानाने ०.१२ धरा, थंडीसाठी बनवलेल्या चांगल्या विंटर टायरची ०.३. कोरड्या डांबरावर हाच आकडा ०.८ च्या वर असतो. निम्मं वजन मागच्या चाकांवर असलेली गाडी विंटर टायरवर साधारण १०० मीटरला १५-१६ मीटरचा चढ चढते. चारही चाकं ओढणारी एसयूव्ही उन्हाळी टायरवर १२ मीटरलाच थांबते. पुढच्या चाकांची, पुढे ६० टक्के वजन असलेली हॅचबॅक त्याच विंटर टायरवर १७ च्या आसपास जाते. म्हणजे पुढची आणि मागची चाकं यांत फरक एक-दीड टक्क्याचा, कारण चढावर वजन मागे सरकतं आणि ते आपल्याच चाकांवर येतं. इंजिन मागे असलेल्या पोर्श ९११ मध्ये तर जवळपास ६२ टक्के वजन मागे, ती २० पर्यंत जाईल. मस्टँगसारखी पुढे जड व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवलेली गाडी या ओळीत शेवटची, तरीही १४ च्या वरच.

टायर बरोबर असेल तर गाडी न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सदर_फिटर

भाऊ, तुमचं गणित चढाचं आहे. माणसं मरतात उतारावर.

तेच आकडे घेऊ. ताशी ४० चा वेग, सपाट रस्ता. कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून ८ मीटरमध्ये गाडी थांबते. विंटर टायरवर बर्फात २१ मीटर, उन्हाळी टायरवर ५२. आता ८ टक्के उतार घ्या, पहाडात हा काही मोठा उतार नाही. विंटर टायर: सुमारे २९ मीटर. उन्हाळी टायर: १५० मीटरच्या वर. उतार १२ टक्के झाला तर उन्हाळी टायरची गाडी थांबतच नाही, ब्रेक दाबून ठेवला तरी घसरत राहते. इथे चार चाकं ओढतात की दोन, याने काडीचाही फरक पडत नाही. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पण मागच्या चाकांच्या गाडीचं स्वतःचं एक दुखणं आहे, ते तुम्ही सांगितलं नाही. घाट उतरताना आपण खालच्या गिअरमध्ये टाकतो, इंजिनचा ब्रेक लागावा म्हणून. तो ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. बर्फावर ती चाकं जमिनीपेक्षा हळू फिरायला लागतात, म्हणजे कोणीतरी हळूच हँडब्रेक ओढल्यासारखं होतं. वळणात हे झालं की शेपूट बाहेर. घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला की आणखी बाहेर. नव्या गाड्यांची यंत्रणा थोडी रेस देऊन हे सांभाळते, पण पकडच उरली नसेल तर ती तरी काय सांभाळणार?

दुसरं, गाडीचं पोट. स्पोर्ट्स कार जमिनीपासून साडेअकरा-बारा सेंटिमीटरवर असते. रात्रीतून १५ सेंटिमीटर बर्फ पडला की पोट बर्फावर टेकतं, चाकांवरचं वजन उचललं जातं, आणि मग टायर कितीही भारी असो, गाडी घसरगाडी होते.

आणि विंटर टायर आणणार कुठून? जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे. १९ इंची, मागे २७५ मिलिमीटर रुंदीचा विंटर टायर इकडच्या दुकानात मागून पाहा.

धंतोली_गिअर

२७५ रुंदीचा घ्यायचाच नाही. बर्फात रुंद टायर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. ब्रेकच्या कॅलिपरवर बसत असेल तर एक इंच लहान रिम, २२५ किंवा २४५ रुंदी आणि उंच साइडवॉल (टायरची बाजूची भिंत). तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: टायरचा एकूण घेर मूळच्या जवळ (दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक गेला की एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि स्पीडोमीटर चुकीचं बोलतात), लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कंपनीने दिलाय तेवढा किंवा जास्त, आणि रिमचा ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप). चारही चाकांना विंटर टायर हवेत. फक्त मागे बसवले तर गाडी निघेल छान, पण पुढे वळणार नाही आणि थांबणारही नाही.

मिळणं कठीण आहे हे कबूल. म्हणून तर नोव्हेंबरात नाही, जुलैत शोधायला लागायचं.

गिट्टीखदान_टायर

टायरबद्दल दोन्हीकडून थोडी गडबड होऊन राहिली आहे.

एक. साइडवॉलवर "एम प्लस एस" (मड प्लस स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलं असलं तरी तो विंटर टायर असेलच असं नाही. ती खूण नक्षीपुरती आहे, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, ही खूण चाचणीची. जर्मनीने तर ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसती एम प्लस एस खूण मानणंच बंद केलं. इकडे एसयूव्हीवाले एम प्लस एस पाहून निर्धास्त असतात, ते चुकीचं आहे.

दोन. विंटर टायरचं रबर मऊ असतं, ७ अंशांच्या खाली काम करण्यासाठी बनवलेलं. नागपूर, सिवनी, सागर, झाशी, जानेवारीतल्या दुपारी इथे साधारण २० अंशांच्या वरच तापमान असतं. मनालीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर. त्यातला बहुतेक रस्ता मऊ रबर गरम डांबरावर घासत नेलं तर नक्षीचे बारीक चिरा असलेले ठोकळे वाकतात, कडा गोल होतात, ब्रेकिंगही लांबतं. आणि चार चाकं दोन सीटच्या गाडीत मावत नाहीत. रिमसकट चारही चाकं ट्रान्सपोर्टने चंदीगडला किंवा पठाणकोटला पाठवायची, तिथे बदलायची, उन्हाळी चाकं तिथेच ठेवायची. हा खर्च धरूनच निर्णय घ्या. नक्षी ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर बर्फासाठी संपला समजा. ऑस्ट्रियात कायद्यानेच ही मर्यादा आहे.

तीन, हवा. सगळे सांगतात, थंडीत हवा कमी होते, जास्त भरा. पण उंचीचं कोणी बोलत नाही. नागपुरात २८ अंशांना ३६ पीएसआय भरली आणि मनालीत उणे ५ अंश असलं तर थंडीने साडेपाच पीएसआय उतरतात. मात्र मनाली २,०५० मीटरवर आहे, बाहेरचा हवेचा दाब कमी, त्यामुळे गेजवर पावणेतीनच्या आसपास परत चढतात. खरी घट तीनपेक्षा कमी. इथूनच ४२ भरून निघालात तर सपाट रस्त्यावर टायर मधोमध झिजेल. वर पोचल्यावर रात्रभर गाडी उभी राहू द्या, सकाळी थंड टायरला मोजा आणि तिथेच भरा.

वर्धारोड_७७

आमच्याकडे पावसाळ्यात काळी माती असते, ती बर्फाइतकीच निसरडी. उमरेडकडच्या शेतरस्त्यांवर सराव केला तर चालेल का?

गिट्टीखदान_टायर

नाही, उलटी सवय लागेल. चिखलात टायरने माती बाहेर फेकायला हवी, म्हणून माणूस चाक जोरात फिरवतो. बर्फात टायरने बर्फ खाचांत धरून ठेवायला हवा. बर्फाला बर्फ चिकटतो, पकड त्यातून येते. मुठीत बर्फ दाबला की गोळा होतो ना, तेच खाचेत घडतं. चाक जोरात फिरवलं की हा गोळा उडून जातो, शिवाय खालचा बर्फ घासून वितळतो आणि पाच सेकंदांत गोठून काच होतो. मग त्या खड्ड्यातून गाडी निघत नाही. चाक फिरतंय असं वाटलं की लगेच पाय काढायचा, दुसरी संधी मिळणार नाही असं समजून.

रामदासपेठ_ताई

डिक्कीत वाळूची पोती टाका असं सगळीकडे सांगतात. खरं का?

धंतोली_गिअर

ताई, पुढे इंजिन असलेल्या गाडीत उपयोग होतो, पण जागा महत्त्वाची. ५० ते ७० किलो, अगदी मागच्या अॅक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) वर, आणि बांधलेलं. अॅक्सलच्या मागे, बंपरकडे ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटल्यावर ते वजन लोलकासारखं ओढत नेतं. इंजिन मधे किंवा मागे असेल तर काही टाकू नका. वाळू कोरडी घ्या, ओली गोठून दगड होते. अडकल्यावर हीच वाळू चाकाखाली टाकता येते, तो तिचा जास्त मोठा उपयोग.

सदर_फिटर

वाळूने चढायला मदत होते, थांबायला नाही. ७० किलो जास्त म्हणजे थांबवायला ७० किलो जास्त.

आता साखळीचं, म्हणजे टायरभोवती गुंडाळायच्या बर्फाच्या साखळीचं बोला, कारण प्रत्यक्षात गाठ तिच्याशीच पडणार आहे. जोराचा बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे प्रशासन फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्याच गाड्या सोडतं. टंगमर्ग ते गुलमर्ग या १३ किलोमीटरलाही तेच. तुमचा विंटर टायर नाक्यावर कोण तपासणार? मागच्या चाकांची गाडी म्हणजे साखळी मागच्या चाकांना. रुंद टायर आणि सस्पेन्शनच्या स्ट्रटमध्ये (चाकाशेजारच्या उभ्या खांबात) बोट जाईल न जाईल एवढीच जागा असते, साखळी मात्र ९ ते १२ मिलिमीटर जाड. म्हणूनच कित्येक स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये मूळ मापाच्या टायरवर साखळी लावायला सरळ मनाई लिहिलेली असते. ती न पाहता लावली तर पहिल्याच खड्ड्यात साखळी ब्रेकचा पाइप किंवा सेन्सरची वायर ओढून काढते.

बसली तरी प्रश्न संपत नाही. मागे साखळी, पुढे रबर. चढावर गाडी ट्रॅक्टरसारखी जाते, उतारावर वळताना पुढचं टोक सरळ निघून जातं.

धंतोली_गिअर

साखळीबद्दल पूर्ण मान्य. म्हणून अरुंद टायर पुन्हा सांगतो, जागा त्यानेच मिळते. लावल्यावर ५०-१०० मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायची, ५० च्या वर वेग न्यायचा नाही. सोलंगच्या पुढचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत डांबर कोरडं. तिथे साखळीवर जाणं म्हणजे कड्या झिजवणं. आधी काढायची, पलीकडे गरज पडली तर लावायची. साखळीऐवजी टायरवर चढवायचे कापडी सॉक्स तर अशा डांबरावर फाटून जातात.

वळणाचंही उत्तर आहे. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा. उतारावर पहिल्यात नको, दुसऱ्यात ठेवा आणि उरलेलं काम फूटब्रेकला करू द्या, तो चारही चाकांना लागतो, वर एबीएस आहे. शेपूट सुटलीच तर क्लच दाबा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल, म्हणजे मागची चाकं मोकळी फिरतील. नजर जायच्या दिशेला आणि स्टिअरिंग नजरेमागे. निघताना चाकं सरळ, दुसरा गिअर, रेस न देता क्लच हळू सोडायचा. भुसभुशीत बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) ताकद इतकी कापतं की गाडी जागेवर बसते. तेवढ्यापुरतं ते मधल्या पायरीवर आणा, गाडी निघाली की पुन्हा पूर्ण चालू. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी आडवी होऊ न देणारी यंत्रणा, मात्र बंद करूच नका.

मिहान_मेकॅनिक

मी दोघांच्या मधे नाही, सदरवाल्यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचं (एकच चाक मोकळं न फिरता ताकद दोन्ही चाकांना देणाऱ्या जोडणीचं) सगळे कौतुक करतात. रस्ता एका बाजूला कललेला असेल तर बर्फात दोन्ही मागची चाकं एकदम फिरतात आणि गाडी आडवी, खालच्या कडेला सरकते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं, दुसरं निदान आडवं धरून ठेवतं. पहाडात खालची कडा म्हणजे दरी.

आणि उतरत्या उन्हाचं सांगायचं राहिलं. दुपारी कडेने वितळलेलं पाणी रस्त्यावर येतं, सावलीतल्या वळणावर चार-साडेचारनंतर गोठतं. दिसतो ओला डांबर, असतो बर्फ. त्यावर पकड ०.१ च्या खाली, विंटर टायरलाही तिथे फार काही मिळत नाही. तीनच्या आत खाली उतरा.

तरी जाणारच असाल तर इथून निघण्याआधी बॅटरी लोडवर तपासून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत बॅटरीच्या प्लेटा खराब होतात, पण ते उघड होतं पहिल्या कडक थंडीत. तीन वर्षं झाली असतील तर बदलाच. कूलंटमध्ये उन्हाळ्यात कोणी साधं पाणी ओतलं का ते रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंट किती पातळ झालंय ते दाखवणाऱ्या उपकरणाने) पाहा. कूलंट आणि पाण्याचं निम्मं निम्मं मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं, पातळ केलेलं नाही. वॉशरच्या टाकीतलं साधं पाणी काढून टाका, नाहीतर पंप फुटेल. वर मुक्कामी हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले पॅड चिकटून गोठतात. सपाट जागा, गिअरमध्ये गाडी, चाकामागे दगड.

रामदासपेठ_ताई

साखळी पहिल्यांदा कुठे लावून पाहावी?

मिहान_मेकॅनिक

इथेच, घरच्या पार्किंगमध्ये. जॅक न लावता, हातमोजे घालून, दोनदा चढवा आणि दोनदा उतरवा. मग गाडी हाताने चाकाचा एक पूर्ण फेरा होईल एवढी ढकला आणि आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा, स्ट्रटवर नवा ओरखडा उठलाय का. उठला असेल तर ती साखळी परत करा आणि दुसऱ्या गाडीने जा.