साइड सेटबॅकचा व्हेरिअन्स : काउन्सिलने हात झटकले, पुढे काय? (न्यू जर्सी)

मध्य जर्सीत सिंगल फॅमिली घर. लॉट ६० बाय १००, झोनला किमान रुंदी ७५ फूट. साइड सेटबॅक (बाजूच्या हद्दीपासून सोडायचं अंतर) ८ फूट लागतो, जुनी भिंत ५ फुटांवर आहे. त्याच रेषेत मागे १४ फूट वाढवून सासू-सासऱ्यांसाठी बेडरूम, बाथरूम आणि छोटं किचन करायचंय. झोनिंग ऑफिसरने परमिट नाकारलं. टाउनशिप काउन्सिलला व्हेरिअन्ससाठी (नियमातून सूट) लिहिलं, तर उत्तर आलं : विषय आमच्या अधिकारात नाही, झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटकडे जा. ही टोलवाटोलवी आहे का? शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्यात, त्या चालतील का?

नकाशेवाला :
टोलवाटोलवी नाही. ऑर्डिनन्स (गावाचे झोनिंग नियम) काउन्सिल करते, पण एखाद्या प्लॉटला सूट देण्याचं काम १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉने बोर्डाकडे दिलंय. बोर्ड कोर्टासारखं पुराव्यावर ठरवतं, म्हणून मेंबरांना परस्पर गाठू नका.

आधी ते किचन नकाशातून काढा. सेटबॅकचा 'सी' व्हेरिअन्स हजर मेंबरांच्या बहुमताने मिळतो. पण गॅस लाइन किंवा रेंजचा २४० व्होल्टचा प्लग, त्यात बाहेरून वेगळं दार दिसलं की बोर्ड त्याला दुसरं घर समजू शकतं. मग तो 'डी' व्हेरिअन्स, ७ पैकी ५ मतं हवीत. सिंक आणि लहान फ्रिज कितपत चालतो ते तुमच्या ऑर्डिनन्समधल्या 'ड्वेलिंग युनिट'च्या व्याख्येवर आहे. ती शब्दशः वाचा. लॉट कव्हरेज (लॉटचा किती भाग बांधकामाने झाकला) आणि एफएआरही (एकूण मजला-क्षेत्राचं लॉटशी प्रमाण) आत्ताच मोजून घ्या. एफएआर ओलांडला तरी 'डी'च.

जर्सीकर :
सह्यांचा कागद उपयोगाचा नाही, कारण कागदाची उलटतपासणी होत नाही. ज्याच्या बाजूला तुमची भिंत ५ फुटांवर आहे तो एक शेजारी सुनावणीला आला तर वीस सह्यांपेक्षा भारी.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नोटिशीत. २०० फुटांतल्या मालकांची यादी टाउनशिपकडून घ्या (७ दिवसांत द्यावी लागते), सर्टिफाइड मेलने नोटीस पाठवा आणि जाहीर नोटीसही द्या. दोन्ही नोटिसा सुनावणीच्या किमान १० दिवस आधी. जाहीर नोटीस कुठे द्यायची ते बोर्ड सेक्रेटरीला विचारा. २०० फुटांत शेजारच्या गावाची हद्द येत असेल तर तिथली यादीही लागते. घर काउंटी रोडवर असेल तर काउंटी प्लॅनिंग बोर्डालाही नोटीस. एक जरी राहिली तरी बोर्डाला केस ऐकायचा अधिकारच उरत नाही, तारीख पुढे जाते.

नकाशेवाला :
आता मुद्दा मांडायचा कसा. "सासू-सासऱ्यांना जिना चढवत नाही" ही हार्डशिप (सूट मिळण्याजोगी अडचण) धरत नाहीत. हार्डशिप जमिनीची हवी : लॉट अरुंद, भिंत आधीपासून ५ फुटांवर. लॉट अपुरा असल्याने दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना जमीन विकत मागणारी पत्रं आधीच पाठवा, उत्तरं जोडा. बोर्ड हमखास विचारतं.

दुसरा हमखास प्रश्न : वाढीव भाग ३ फूट आत का घेत नाही? छपराला पन्हळ पडते, खोली इतकी अरुंद होते की पलंगाशेजारून व्हीलचेअर जात नाही, हे आर्किटेक्टने मापं दाखवून सांगावं. शिवाय त्या बाजूला खिडकी नको, पाणी शेजारी जाणार नाही, हेही दाखवा. शेजाऱ्याचं नुकसान नाही हे सिद्ध करणं तुमच्यावरच आहे. खरं तर ३ फूट आत घेऊन भागत असेल तर तेच करा. सेटबॅकचा प्रश्नच मिटेल. मात्र लॉटच अपुरा असल्याने तरीही व्हेरिअन्स लागतो का, ते ऑफिसरकडून लेखी घ्या.

धागाकर्ती :
किचन काढते. आणि नकार आला तर?

जर्सीकर :
मतदानाआधीच वारं ओळखा. मेंबरांचे प्रश्न तिखट झाले की तारीख पुढे मागा आणि नकाशा बदलून या. एकदा नकार नोंदला की तोच अर्ज पुन्हा चालत नाही, ठोस बदल लागतो. कोर्टात जायचं तर ठरावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस, सुपीरियर कोर्टात. तिथे नवा पुरावा सहसा घेत नाहीत, बोर्डापुढे जे रेकॉर्डवर आलं तेच बघतात. म्हणून त्या खोलीची मापं पहिल्याच सुनावणीत बोलून घ्या.