यूजरस्पेस फाइल सिस्टिममध्ये असिंक डायरेक्ट आयओ सरसकट चालू ठेवावा का?

खाडीकाठ
रत्नागिरी, देवगड, मालवण बंदरांच्या तळमोजणीच्या मोठ्या फायली पुण्यातल्या साठ्यावर आहेत आणि इथल्या मशिनवर फ्यूजच्या (लिनक्सच्या गाभ्याबाहेर, म्हणजे कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रामने फाइल सिस्टिम चालवायची सोय) ड्रायव्हरने माउंट होतात, असं धरा. जाऊन-येऊन ३० मिलिसेकंद, लाइन १०० एमबीपीएस. प्रोग्राम ओ_डायरेक्टने (कर्नलची कॅशे टाळून थेट वाचा-लिहायची खूण) फाइल उघडतो आणि एका दमात ४ एमआयबी मागतो. एका विनंतीची मर्यादा १२८ केआयबी असेल, तर कर्नल त्याचे ३२ तुकडे पाडतो. असिंक (उत्तराची वाट न पाहता पुढची विनंती सोडणं) बंद असताना एकाचं उत्तर आल्यावरच दुसरा निघतो. एक होडी पलीकडे जाऊन परत आल्याशिवाय दुसरी सोडायचीच नाही, तसला प्रकार. प्रत्येक तुकड्याला ३० मिलिसेकंद वाट आणि साधारण साडेदहा मिलिसेकंद वाहतूक, म्हणजे एकूण १.३ सेकंद. असिंक चालू केलं की तुकडे एकापाठोपाठ सुटतात, लाइन भरलेली राहते आणि तेच काम ३६५ मिलिसेकंदांच्या आसपास उरकतं. ही सोय कर्नल ३.१० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, आणि लिबफ्यूज ३ (फ्यूजचे ड्रायव्हर लिहायची लायब्ररी) मध्ये कर्नलला जमत असेल तर ती आपोआप चालू होते. ती मुद्दाम बंद करणाऱ्या ड्रायव्हरांचं कारण मला पटत नाही.

देवगडकर
हिशेब बरोबर आहे, पण तुलना लंगडी आहे. कर्नल ४.२० पासून एका विनंतीत मेमरीची २५६ पानं, म्हणजे १ एमआयबी मावतं. ड्रायव्हरने तेवढी मर्यादा घेतली तर तुकडे चारच पडतात: ४ × (३० + ८४), म्हणजे ४५६ मिलिसेकंद. १.३ सेकंदांतला बहुतेक तोटा नुसता तुकडा मोठा केल्याने भरून निघतो, आणि सगळं एका रांगेत चालतं.

रांगेला मी का धरून बसलोय, तर लिहिण्यासाठी. ४ एमआयबी लिहिताना पाचवा तुकडा फसला, तर असिंक नसताना पहिले चार लिहून झाले एवढा आकडा प्रोग्रामला परत मिळतो. असिंकमध्ये सहावा ते बारावा तुकडा आधीच साठ्यावर पोचलेला असू शकतो, आणि वर मिळते फक्त चूक. काय लिहिलं, काय राहिलं, काही कळत नाही. एखादा तुकडा अर्धवट लिहिला गेला तरी कर्नल ईआयओ ही चूकच देतो. लिखाण फाइलच्या शेवटापलीकडे जात असेल तर चुकीनंतर कर्नल फाइल जुन्या लांबीला कापतो. तिथे निदान शेपूट उरत नाही. मधल्या भागावर पुन्हा लिहिताना असं काही रक्षण नाही. मोजणीच्या नोंदीत जुनं-नवं असं कालवलं गेलं तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. वेगासाठी ही किंमत मी देणार नाही.

बावनदी
दोघांच्याही हिशेबातून ड्रायव्हरची आतली बाजू सुटली आहे. असिंक तुकडे बॅकग्राउंड विनंत्या म्हणून जातात आणि एका वेळी किती बाहेर असाव्यात याची मूळ मर्यादा १२ आहे. ती /सिस/एफएस/फ्यूज/कनेक्शन्स/ खाली आपल्या जोडणीच्या क्रमांकात मॅक्स_बॅकग्राउंडमध्ये दिसते आणि बदलताही येते. बारा तुकडे म्हणजे दीड एमआयबी वाटेत, या लाइनला ते पुरतं. पण ड्रायव्हर एकाच थ्रेडवर चालवला आणि प्रत्येक विनंतीला तिथेच थांबून उत्तर देत असेल, तर कर्नलने बारा सोडले काय आणि बाराशे काय, आत रांगच. एक तर थ्रेड पुरेसे द्या, नाहीतर लो-लेव्हल एपीआय घेऊन उत्तर नंतर, दुसऱ्या थ्रेडवरून पाठवा. चाचणीत फरक दिसत नसेल तर आधी हे तपासा.

दुसरी गोष्ट. डायरेक्ट आयओचा झेंडा (फ्लॅग) ड्रायव्हरने स्वतः ओपनच्या उत्तरात लावला असेल, तर साधा रीड एकेक तुकडाच आणतो. तिथे असिंकचा फायदा एआयओने (उत्तरासाठी न थांबता मागणी सोडणाऱ्या कॉलने) मागणाऱ्यालाच होतो. प्रोग्रामने ओ_डायरेक्टने उघडलं असेल तर साध्या रीडलाही होतो. ही दोन प्रकरणं लोक एकच समजतात.

गुहागरी
पावसाळ्यातली बाजू मांडतो. जून ते सप्टेंबर इथे वीज जाणं आणि रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणं नेहमीचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर किनारपट्टीवरची कित्येक गावं दीर्घकाळ अंधारात होती. लाइन तुटली आणि ड्रायव्हरने स्वतःची मुदत ठेवली नसेल, तर बाहेर गेलेले तुकडे लटकून राहतात. डायरेक्ट आयओत प्रोग्रामचीच पानं मेमरीत खिळलेली असतात, ती तोवर सुटत नाहीत. जोडणीच्या त्याच फोल्डरातल्या वेटिंग या फाइलमधला आकडा उतरत नसेल तर ओळखायचं. शेवटचा उपाय म्हणून तिथल्याच अबॉर्ट फाइलमध्ये १ लिहायचा, पण मग माउंटच जातं. म्हणून मुदत ड्रायव्हरमध्येच हवी: ठरावीक सेकंदांत उत्तर नाही आलं तर चूक परत द्या.

आणि डायरेक्ट म्हणजे डिस्कवर पोचलं, असं समजू नका. ड्रायव्हरने ‘झालं’ म्हटलं की कर्नलच्या लेखी झालं. एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करायला सांगणारा कॉल) हवाच, आणि तो साठ्यापर्यंत खरोखर नेणं ड्रायव्हरचं काम.

खाडीकाठ
देवगडकर, लिखाणाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी वाचणाऱ्यांची गती का मारायची? अडचण एवढीच की असिंकचा झेंडा पूर्ण जोडणीला लागतो, वाचनाला वेगळा आणि लिखाणाला वेगळा असा नाही. म्हणून माउंट दोन करा: एक फक्त-वाचनाचं, असिंक चालू, दुसरं लिखाणाचं, त्याच्या इनिटमध्ये (ड्रायव्हर सुरू होतानाच्या फंक्शनमध्ये) ती सोय काढून टाकलेली.

देवगडकर
हे चालेल, पण एका अटीवर. वाचनाच्या माउंटला फाइल वाढल्याचं आपणहून कळत नाही. ओ_डायरेक्टच्या वाटेत कर्नल त्याला ठाऊक असलेल्या लांबीपलीकडचं मागणं ड्रायव्हरकडे नेतच नाही, सरळ ० बाइट देतो. ॲट्रिब्यूटची मुदत (लांबीसारखी माहिती कर्नल किती वेळ खरी धरतो ती) पाच मिनिटं ठेवली असेल तर ताजी मोजणी पाच मिनिटं अर्धवट दिसेल. वाढत्या फायलींसाठी ती एक सेकंद किंवा शून्य ठेवा.

बावनदी
आणि मोजताना फिओमध्ये (डिस्कचा वेग तपासायचं साधन) डायरेक्ट १, ब्लॉक ४ एमआयबी, आयओडेप्थ (एका वेळी बाहेर असणाऱ्या मागण्या) १ ठेवा. आयओडेप्थ वाढवली की तुकड्यांच्या समांतरपणाचा परिणाम झाकला जातो आणि दोन्ही माउंट सारखेच वेगवान वाटतात.