जोत्यात फुकटची राख भरू का? विहीर वीस पावलांवर आहे

वावरवाला
घुग्घुस-वणी पट्ट्यात आमचं गाव. धुऱ्यावर उभं राहिलं की खुल्या कोळसा खाणीचे मातीचे ढिगारे दिसतात. बाबा पऱ्हाटी लावतात. बोंड फुटलं की दोन दिवसांत कापसावर काळी पूड बसते. मागच्या हंगामात व्यापाऱ्याने कापूस हातात चोळला, काळा तळवा बाबांपुढे धरला आणि भाव पाडला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते मला अजून विसरता येत नाही. विहीर पूर्वी चैत्रातही मोटर चालू द्यायची, आता पौषातच तळ दिसतो.

आता घर बांधायला काढलंय. जोत्याला तीन फूट भराव लागतो. मुरूम विकत घ्यावा लागतो. वीज केंद्राची राख मात्र टिप्परवाला फुकट टाकून देतो म्हणतो. पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं. आई नको म्हणते, पण तिला कारण सांगता येत नाही, मलाही नाही. कुणाला माहिती आहे का?

निवृत्त ओव्हरमन
भाऊ, आईचं ऐका. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. कोळसा जळून जातो, पण त्यातलं आर्सेनिक, शिसं, क्रोमियम बरंचसं राखेत उरतं, तेही आधीपेक्षा दाट होऊन. राखेच्या विटेत ते सिमेंटने बांधलेलं असतं, विटांना माझी हरकत नाही. मोकळ्या भरावातून पाणी झिरपलं की ते हळूहळू खाली उतरतं. वीस पावलं म्हणजे काहीच नाही.

विहिरीचं म्हणाल तर खाण तिच्यापेक्षा कितीतरी खोल असते. आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं आणि पंप ते नाल्यात फेकतात. मी जन्मभर कोळसा काढला, माझं घर त्यावरच उभं राहिलं. म्हणूनच सांगतो, घुग्घुसच्या अमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर जमिनीत गडप झालं, त्या रात्री मला झोप आली नाही. खाली जुनी भूमिगत खाण होती.

कन्हानकाठची
जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला कोराडी वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखाडी लोंढा नाल्यातून नदीत गेला. वावरात बसलेली राख वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते आणि उन्हाळ्यात वर सुटून उडते. वाळत घातलेल्या वड्यांवर, पाळण्यावर, सगळीकडे. दादा, विहिरीचं पाणी आत्ताच तपासून ठेवा. नेहमीच्या तपासणीत जड धातू बघत नाहीत, ते वेगळे लिहून मागा. आणि कापसावर बसणाऱ्या काळ्या पुडीचा लेखी अर्ज तलाठी व कृषी सहायकाकडे द्या, वेचणीच्या आधी. वेचलेल्या कापसाचा पंचनामा कोण करणार? पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

वावरवाला
काका, ताई, दोघांचं वाचून दाखवलं. टिप्परवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मुरमाच्या ट्रॉल्या सांगितल्या, स्लॅब पुढच्या वर्षी टाकू. पाणी सोमवारी चंद्रपूरला तपासायला नेतो.

पण आई आता दुसरंच विचारतेय. गावातल्या सहा घरांच्या जोत्यात राख आधीच गेली आहे, त्यातलं एक माझ्या मावशीचं. वरून फरशी बसली. त्यांनी आता काय करायचं?